उजवीकडच्या खुर्चीतला प्रश्न

पाडव्याचं जेवण आटोपलं होतं. बाहेर आयोवातला मार्च, म्हणजे अंगणात अजून मळकट बर्फाचे ढीग, आणि घरात श्रीखंड, वेलची आणि तळणीचा वास. डॉक्टरांनी ताटं बाजूला सरकवून टेबलावर लॅपटॉप उघडला आणि आम्ही विमानवेडी माणसं खुर्च्या ओढून त्याच्याभोवती बसलो. एक्सेलचा मोठा तक्ता होता. डाव्या कडेला विमानांची नावं: पिलाटस पीसी-१२, टीबीएम ९६०, पायपर एम६००, एपिक ई१०००, कोडियाक. वरच्या ओळीत वेग, पल्ला, तासाचं इंधन, केबिनची रुंदी, विम्याचा अंदाज, किंमत. सगळी एका इंजिनाची टर्बोप्रॉप, म्हणजे जेटच्या जातीच्या इंजिनाने पंखा फिरवणारी, आणि सगळी एकट्या वैमानिकाला उडवता येण्याजोगी. डॉक्टरांनी हिवाळाभर राबून तो तक्ता भरला होता आणि ते एकेक रकाना मन लावून समजावत होते. वहिनी रिकामी पातेली आत नेत होत्या. त्या थांबल्या, तक्त्याकडे बघितलं आणि विचारलं, "आणि वर असताना तुम्हाला काही झालं तर?" कुणीतरी म्हणालं, "अहो वहिनी, काही होत नाही हो." मग बोलणं पुन्हा वेगावर आलं. मीही त्यात सामील झाले. वहिनींचा प्रश्न मात्र परतीच्या रस्त्यावर गाडीत माझ्या शेजारी येऊन बसला, तो काही उतरला नाही.

डॉक्टर मूळचे मिरजेचे. आयोवातल्या एका लहान गावी हृदयरोगतज्ज्ञ आहेत आणि आठवड्यातून एकदा आणखी लांबच्या गावांमधल्या दवाखान्यांत जातात. मुलगी बॉस्टनला असते. ज्यांनी अमेरिकेच्या मध्यभागातून प्रवास केलाय त्यांना सांगायला नको: विमानतळापर्यंत दोन तास गाडी, मग शिकागो किंवा मिनियापोलिसला बदली, तिथे तीन तास बाकावर, आणि संध्याकाळचं शेवटचं विमान रद्द झालं की हॉटेल. या देशात मोठी विमानं जातात अशी गावं थोडी आणि लहान विमान उतरू शकतं अशा धावपट्ट्या हजारोंनी. आमच्या गावाबाहेरच्या मक्याच्या शेतांमध्येसुद्धा पाच हजार फुटांची एक सरळ, स्वच्छ पट्टी आहे. डॉक्टर बरीच वर्षं बोनान्झा उडवतात. ते उत्तम विमान आहे, पण त्याचं इंजिन पिस्टनचं आणि केबिनमध्ये उंचावर श्वास घेता येईल असा हवेचा दाब राखण्याची सोय नाही. त्यामुळे दहा-बारा हजार फुटांवर, म्हणजे नेमकं ढगांच्या आणि बर्फाच्या पट्ट्यातच, रेंगाळावं लागतं. इथल्या हिवाळ्यात पंखांच्या पुढच्या कडेवर बर्फाचा पांढरा थर चढताना ज्याने खिडकीतून पाहिलाय, त्याला टर्बोप्रॉप का हवं हे वेगळं समजावावं लागत नाही. वादळाच्या वर जायचं, पंखांच्या कडेवरच्या रबरी पट्ट्या फुगवून बर्फ फोडायचा, आणि बाहेर उणे पन्नास असताना आत सदऱ्यावर बसून चहा प्यायचा. हौस त्यात आहेच, पण गरजही खरी आहे.

माझं बालपण विलेपार्ल्यात गेलं. गच्चीवर वाळवणाची राखण करताना जुहूकडून फ्लाइंग क्लबची छोटी विमानं डोक्यावरून जायची. त्यांचा आवाज जाड, खरखरीत, मध्येच अडखळल्यासारखा. आजोबा प्रत्येक वेळी वर बघून म्हणायचे, "एकाच इंजिनाचं आहे." त्या म्हणण्यात काळजी असायची आणि आदरही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले ते एका इंजिनाच्या पुस मॉथमध्ये, एकटे. पन्नास वर्षांनी, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी तीच वाट लेपर्ड मॉथमधून पुन्हा उडून दाखवली, तेव्हाही एकच इंजिन आणि तेव्हाही एकटेच. आमच्या घरात ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली की माझ्या मनात धाडस आणि एक इंजिन या दोन गोष्टी एकमेकींना चिकटून बसल्या. इथे येऊन परवाना काढला, क्लबचं सेस्ना १७२ उडवायला लागले, तरी ती गाठ सुटली नव्हती. खाली जंगल आलं किंवा मिशिगन सरोवराचं पाणी आलं की माझे कान आपोआप इंजिनाकडे लागतात आणि आवाजात नसलेली खरखर ऐकू येऊ लागते.

पीटी६ नावाचं इंजिन जवळून ऐकलं आणि ती गाठ थोडी सैल झाली.

एपिक, पीसी-१२, टीबीएम, पायपर, कोडियाक, सेस्नाचं कॅराव्हॅन, ही सगळी वेगवेगळ्या कारखान्यांची, वेगवेगळ्या स्वभावांची विमानं. पण नाकातलं इंजिन एकाच घराण्याचं, प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाचं पीटी६. ते पहिल्यांदा हवेत गेलं १९६१ साली, बीच १८ नावाच्या एका जुन्या विमानाच्या नाकावर बसवून. रचना अशी की बाहेरची हवा इंजिनाच्या मागच्या टोकाला आत शिरते, पुढे येत येत दाबली जाते, जळते, आणि धूर पुढे, पंख्याजवळच्या दोन नळकांड्यांतून बाहेर पडतो. म्हणून यांतल्या बहुतेक विमानांच्या नाकाला दोन्हीकडे त्या वाकड्या नळ्या असतात. आत दोन वेगळ्या चक्रांचे संच आहेत. एक हवा दाबण्याचं काम करतो, दुसरा पंखा फिरवतो, आणि दोघांना जोडणारा दांडा नाही. मध्ये आहे ती फक्त गरम वायूची झोत. सुरू करताना आधी ठिणगीची टकटक ऐकू येते, मग एक बारीक शीळ हळूहळू वर चढत जाते, पंखा अजून आळसावलेला, आणि मग एकदम आतून श्वास घेतल्यासारखं काहीतरी पेटतं. रॉकेलचा उबदार वास धावपट्टीवर पसरतो. पिस्टनच्या इंजिनात लोखंडी दट्टे मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांच्या हिशेबाने पुढे-मागे आपटत असतात. इथे सगळं नुसतं गोल फिरतं. आजोबांनी हा आवाज ऐकला असता तर त्यांनी वर बघून काय म्हटलं असतं, हा विचार मला दर वेळी येतो.

इंजिन एकच असण्याची भीती किती खरी, याचा हिशेब विमानाच्या जगात फार पूर्वीपासून मांडला गेलाय. युरोपात एका इंजिनाच्या टर्बोप्रॉपला ढगांतून आणि रात्री भाड्याचे प्रवासी नेण्याची मुभा २०१७ मध्ये मिळाली, आणि त्यासाठीची पायरी ही होती की इंजिनाची ताकद जाण्याचं प्रमाण दहा लाख तासांत दहापेक्षा कमी असावं. बहुतेक मालक वर्षाला शे-दोनशे तास उडतात; भागाकार ज्याचा त्याने करावा. तरीही बंद पडलंच तर? पंख्याची पाती वाऱ्याला धार दाखवून उभी राहतात आणि विमान दगडासारखं पडत नाही, घसरत जातं. पीसी-१२ हजार फूट उंचीमागे साधारण अडीच नॉटिकल मैल, म्हणजे साडेचार किलोमीटरांच्या वर, पुढे जातं. म्हणजे पुण्यावर तीस हजार फुटांवर इंजिन थांबलं, तर वाऱ्याने अडवलं नाही तर मुंबईपर्यंत पोचता येईल, आणि वाटेत दोन्ही हात मोकळे ठेवून विचार करायला वीसेक मिनिटं सहज मिळतील. शिवाय अमेरिकेच्या नियमांनी बराच काळ एका इंजिनाच्या विमानावर एक अट घातली होती: उतरण्याच्या तयारीत असताना ते ६१ नॉटच्या, म्हणजे तासाला सुमारे ११३ किलोमीटरच्या, वेगापर्यंत हवेत तरलं पाहिजे. पुढे जास्त धक्का सोसणाऱ्या खुर्च्या बसवल्या तर थोडी सूट मिळू लागली. पण या अटीमुळेच तीनशे नॉटने पळणाऱ्या या विमानांना पंखांच्या मागच्या कडेला एवढे मोठे, खाली लोंबणारे फ्लॅप आहेत. शेतात उतरायची वेळ आली तर ते हळू उतरावं म्हणून. धडकेची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे इथे वाचवलेला प्रत्येक नॉट माणसाच्या कण्यावरचा भार कमी करतो.

एप्रिलच्या शेवटी डॉक्टरांनी टीबीएमची चाचणी फेरी ठरवली आणि मला मागच्या खुर्चीवर बसायला बोलावलं. हे विमान फ्रान्समध्ये, पिरेनीज डोंगरांच्या पायथ्याच्या तार्ब गावी बनतं. पहिलं टीबीएम ७०० तिथूनच १९८८ च्या जुलैत उडालं. बाहेरून बघताना ते उभं असतानाही पुढे झुकल्यासारखं दिसतं. आत जागा मोजकी. गुडघे समोरच्याच्या गुडघ्यांना भेटतात, छत केसांना लागेल असं वाटतं, चामड्याचा नवाकोरा वास आणि शिलाई इतकी सुबक की बोट फिरवावंसं वाटतं. वैमानिकाने ताकद दिली आणि पाठ खुर्चीत रुतली. एकोणीसेक मिनिटांत एकतीस हजार फूट! बोनान्झातून डॉक्टरांनी वर्षानुवर्षं ज्यांच्या पोटातून वाट काढली ते ढग आता खूप खाली, कापूस पिंजून पसरल्यासारखे. वर आभाळ गडद निळं. पडद्यावर वेग तीनशे नॉटच्या पुढे, आणि मी उघड सांगते, त्या विमानाच्या मी प्रेमात पडले. इतकं नेमकं, इतकं आज्ञाधारक यंत्र मी याआधी अनुभवलं नव्हतं. परत येताना वैमानिकाने मुद्दाम एक गोष्ट दाखवली: उतरता उतरता, वेग कमी असताना, पुन्हा वर जायचं ठरवून ताकदीचा दांडा झपकन पुढे ढकलला तर साडेआठशे अश्वशक्तीचा पिळा हलक्या विमानाला डावीकडे लोळवू बघतो. उजवा पाय वेळेवर आणि पुरेसा दाबावा लागतो. सावकाश दांडा पुढे नेला की विमान गुणी बाळासारखं वर जातं. दमलेला, गोंधळलेला माणूस मात्र सावकाश नेत नाही, आणि अशा क्षणी या जातीची काही विमानं धावपट्टीच्या कडेलाच उलटली आहेत.

पीसी-१२ च्या फेरीला वहिनीही आल्या. हे स्वित्झर्लंडमधल्या श्टान्सचं, चारी बाजूंनी डोंगर असलेल्या गावातलं विमान. १९९१ च्या मे महिन्यात पहिल्यांदा उडालं आणि २०२३ पर्यंत दोन हजारांवर विमानं कारखान्याबाहेर पडली. दिसायला ते देखणं नाही, ठसठशीत आहे. पुढे जिन्यासकट एक दार आणि मागे मालाचं दुसरं दार, एवढं मोठं की त्यातून मोटारसायकल चढवता येते. ऑस्ट्रेलियात रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस याच दारातून स्ट्रेचर आत घेते, आणि अशा मातीच्या धावपट्ट्यांवरून उडते जिथून जवळचं मोठं रुग्णालय शेकडो किलोमीटर दूर असतं. केबिन टीबीएमच्या अडीचपट. वहिनी आत शिरल्या आणि मधल्या वाटेने, थोड्या वाकून, मागेपर्यंत चालत गेल्या. उड्डाणात थरार म्हणावा असं काही नव्हतं. विमान वजनदार, संथ, चाकं जमिनीला कधी लागली ते कळलं नाही. डॉक्टर खाली उतरून म्हणाले, "वेग कमी पडतो." मी हिशेब करून पाहिला. दोन्ही विमानं पूर्ण वेगाने पळवली तरी सहाशे नॉटिकल मैलांना टीबीएमला एक तास पन्नास मिनिटं लागतील, पीसी-१२ ला दोन तास पाच मिनिटं. पंधरा मिनिटं! तक्त्यातला वेगाचा रकाना सगळ्यात ठळक रंगवलेला होता, आणि प्रत्यक्षात तो एका चहाएवढा वेळ निघाला.

बाकीच्यांबद्दल फार लिहीत नाही. कोडियाक मला मनापासून आवडतं; ते दुर्गम भागातल्या सेवाकार्यासाठी जन्मलं, हजार फुटांच्या आत जमीन सोडतं, वर पंख असल्यामुळे पावसात खाली उभं राहता येतं. पण त्यात दाबाची सोय नाही आणि डॉक्टरांना हिवाळ्याच्या वर जायचंय. एपिक कार्बन फायबरचं, बाराशे अश्वशक्तीचं, सगळ्यांत वेगवान. ते माझ्या मते वेगाच्या भक्तांसाठी आहे. पायपर एम६०० फ्लॉरिडातलं, दाबाची सोय असलेल्यांत किमतीने आणि इंधनाने सगळ्यांत हलकं, टीबीएमपेक्षा सावकाश. ज्यांच्या घरात दोन-तीनच माणसं प्रवास करतात त्यांना दुसरं काही बघायची गरज नाही असं माझं मत आहे. आणि २०२० साली वहिनींच्या प्रश्नाकडे वळून बघणाऱ्या पहिल्या विमानांत याच पायपरचा नंबर लागतो. त्याकडे येते.

त्याआधी एक जुनी घटना सांगायला हवी, कारण तक्त्याच्या एकाही रकान्यात ती बसत नाही. ५ सप्टेंबर २०१४ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरहून एक जोडपं आपल्या नव्या टीबीएम ९०० मधून फ्लॉरिडाला निघालं. नवरा अनुभवी वैमानिक. अठ्ठावीस हजार फुटांवर त्याने नियंत्रकाला शांतपणे कळवलं की विमानात एक सूचना बरोबर दिसत नाहीये, खाली यायचंय. त्याने अठरा हजार मागितले. आधी पंचवीस हजार मिळाले. त्याने संकट हा शब्द वापरला नाही. हळूहळू उत्तरं तुटक होत गेली आणि थांबली. केबिनमधला दाब गेला होता. एवढ्या उंचीवर ऑक्सिजन नसेल तर धड विचार करायला दोन-तीन मिनिटं मिळतात, आणि त्या मिनिटांत माणसाला आपलं डोकं मंदावतंय हे कळत नाही, उलट सगळं ठीक आहे असं वाटतं. हवाई दलाची लढाऊ विमानं शेजारी येऊन पाहत होती. विमान आपला मार्ग धरून सरळ, नीट, समुद्रावरून पुढे जात राहिलं आणि काही तासांनी जमैकाच्या उत्तरेला पाण्यात कोसळलं, कारण इंधन संपलं. तपासाने बोट ठेवलं ते दोन गोष्टींवर: दाब राखणारी यंत्रणा कारण नसताना बंद पडू शकेल अशी होती, आणि वैमानिकाच्या हातातली चेकलिस्ट आधी मास्क लावायला सांगण्याऐवजी बिघाड शोधायला लावत होती.

इंजिनाने शेवटच्या थेंबापर्यंत काम केलं होतं.

हे वाचल्यापासून मी या विमानांचे अपघात वेगळ्या नजरेने बघू लागले. २५ मे २०११ ची फरीदाबादची रात्र आपल्याकडे अनेकांना आठवत असेल. पाटण्याहून दिल्लीला एका रुग्णाला घेऊन येणारं पीसी-१२ पर्वतिया कॉलनीतल्या घरांवर कोसळलं. आतली सात आणि खालची तीन माणसं गेली. वादळी हवा, रात्र, आणि विमान हातातून निसटणं. २०१९ च्या नोव्हेंबरअखेर साउथ डकोटात, आमच्या शेजारच्या राज्यात, आणखी एक पीसी-१२ उडाल्या उडाल्या पडलं; बारा जणांपैकी नऊ दगावले. रात्रभर विमान हिमवर्षावात उघड्यावर उभं होतं, आत ठरल्यापेक्षा जास्त वजन होतं आणि ते मागच्या बाजूला झुकलेलं होतं. ज्या ऐसपैस केबिनवर मी एवढी खूश झाले होते तीच माणसाला म्हणते, अजून एक बसेल, अजून एक बॅग मावेल. प्रत्येक अपघाताचा अहवाल वाचताना मी इंजिनाचा उल्लेख शोधते आणि तो बहुतेक वेळा एका ओळीत संपतो: इंजिन व्यवस्थित चालू होतं. उरलेली पानं माणसाबद्दल असतात. त्याची झोप, त्याची घाई, लग्नाला किंवा सणाला पोचायचं ओझं, सरावातला खंड. आम्ही सगळे इंजिन एकच आहे यावर वर्षानुवर्षं वाद घालतो. वैमानिकही एकच आहे, यावर पाडव्याच्या टेबलाशी फक्त वहिनी बोलल्या होत्या.

आणि डॉक्टर साठीकडे आलेत. ते स्वतः रोज अशी माणसं तपासतात जी सकाळी ठणठणीत होती.

२०२० मध्ये विमानातली उपकरणं बनवणाऱ्या गार्मिन कंपनीची स्वयंचलित उतरण्याची सोय पायपर एम६०० आणि टीबीएम ९४० मध्ये मंजूर होऊन आली. वैमानिकाने मान टाकली तर शेजारच्या किंवा मागच्या माणसाने एक बटण दाबायचं. मग विमान स्वतः इंधन, हवामान, डोंगर आणि धावपट्टीची लांबी बघून विमानतळ निवडतं, रेडिओवर यंत्राच्या आवाजात नियंत्रकांना कळवतं, पडद्यावर प्रवाशांना साध्या शब्दांत सांगतं की आता काय होणार, चाकं खाली घेतं, उतरतं, ब्रेक लावतं आणि इंजिन बंद करतं. त्याच्या जोडीला, वैमानिक बराच वेळ काही हालचाल करत नाही असं वाटलं तर विमान आपणहून श्वास घेता येईल अशा उंचीवर खाली येतं. २०१४ च्या त्या विमानात हे असतं तर, असं मनात आल्यावाचून राहत नाही. गंमत बघा, सगळ्यांत जास्त भरवशाचं म्हणून ज्याचं नाव घेतात त्या पीसी-१२ मध्ये हे बटण अनेक वर्षं नव्हतं. २०२५ मध्ये आलेल्या पीसी-१२ प्रो मध्ये ते आलं. म्हणजे डॉक्टरांना परवडू शकणारी जुनी पीसी-१२ घेतली तर जागा मिळते, मऊ उतरणं मिळतं, बटण मिळत नाही. आणि टीबीएम किंवा पायपर घेतलं तर वहिनींच्या हाताशी उत्तर असतं, पण विमान अधिक तरतरीत वैमानिक मागतं. तक्ता इथे हात टेकतो.

पैशांबद्दल न लिहिणं अप्रामाणिकपणाचं होईल. नवं टीबीएम पन्नास लाख डॉलरांच्या आसपास, पीसी-१२ त्याच्याही वर. इंजिन साडेतीन हजार तासांनी, नव्या मॉडेलांत पाच हजार तासांनी उघडावं लागतं आणि त्याचा खर्च काही लाख डॉलर. सुरू करताना तापमानाच्या काट्याकडे दुर्लक्ष झालं आणि इंजिन जास्त तापलं तर तेवढा खर्च अर्ध्या मिनिटात अंगावर येतो. नव्या इंजिनांत ही राखण संगणक करतो. पार्ल्याच्या दोन खोल्यांत वाढलेल्या मला हे आकडे लिहिताना अवघडल्यासारखं होतं. एका कुटुंबाला घेऊन तासाला साठेक गॅलन इंधन जाळायचं हेही मनात टोचतं. डॉक्टरांशी मी हे बोलले आहे. त्यांनी ते उडवून लावलं नाही. ते म्हणाले की आठवड्यातला तो लांबचा दवाखाना बर्फामुळे बंद ठेवावा लागतो तेव्हा शंभर मैलांवरून येणारे रुग्ण परत जातात, आणि त्यांतल्या एकाच्या बाबतीत पुढचा आठवडा उजाडला नव्हता. मला यावर पूर्ण समाधान मिळालेलं नाही, आणि ते चूक बोलतायत असंही म्हणवत नाही. एंजल फ्लाइटसारख्या संस्थांमधून इथले कितीतरी विमानमालक लांबच्या रुग्णांना स्वतःच्या इंधनावर फुकट घेऊन जातात. डॉक्टरांचाही तो विचार आहे. मग प्रश्न पुन्हा दाराचा येतो: केमोथेरपीने गळून गेलेल्या माणसाला कुठल्या जिन्यावरून चढवणं सोपं?

माझं मत मी त्यांना स्पष्ट सांगितलं आहे. माझं मन टीबीएममध्ये अडकलंय हे खरं, पण मी त्यांच्या जागी असते तर वापरलेलं पीसी-१२ घेतलं असतं, आणि रात्री किंवा खराब हवेत शेजारी एक पगारी वैमानिक बसवला असता. दोन इंजिनांसाठी माणसं जेवढे जास्त पैसे मोजतात त्याच्या एका तुकड्यात वर्षभराचा दुसरा वैमानिक मिळतो. यंत्राने उतरवलेलं विमान मला मान्य आहे, पण बटण दाबण्याची वेळ ओळखायलासुद्धा शुद्धीवरचं आणि शिकलेलं माणूस लागतं, आणि दाब गेला तर शेजारचंही माणूस त्याच हवेत श्वास घेत असतं. डॉक्टरांना हे पटलेलं नाही. ते म्हणतात, पगारी वैमानिक प्रत्येक फेरीला मिळणार नाही, त्याची वाट बघायची तर विमान कशाला, आणि बटण मात्र कायम तिथे असेल. यावर आमची फोनवर अजूनही खडाजंगी चालते.

वहिनी कुठल्याच बाजूला नाहीत. त्यांनी त्यांची अट ठेवली आहे: विमान कुठलंही येवो, विमा कंपनी डॉक्टरांना दरवर्षी सिम्युलेटरवर पाठवणार आहेच, त्या आठवड्यात त्याही सोबत जाणार. रेडिओवर बोलणं, मास्क डोळे मिटून सापडणं, विमानाला खाली यायला सांगणं, एवढं त्यांना स्वतःच्या हाताने करता आलं पाहिजे. सोबत्यांसाठी असे छोटे अभ्यासक्रम इथे फार पूर्वीपासून आहेत, हे डॉक्टरांना माहीत होतं. बोनान्झाच्या सगळ्या वर्षांत ते त्याबद्दल घरी कधी बोलले नव्हते. मागच्या शनिवारी मी वहिनींना क्लबच्या सेस्नात उजवीकडे बसवलं. साडेतीन हजार फुटांवर हँडल त्यांच्या हातात दिलं आणि सांगितलं, समोरच्या पाण्याच्या टाकीकडे नाक धरून ठेवा. विमान आधी डावीकडे गेलं, मग उजवीकडे, मग सरळ झालं. "हे जड नाहीये," त्या म्हणाल्या, आणि लगेच, "आता खाली कसं न्यायचं ते दाखव."